रिंग्ज मोजून झाल्या असतील तर मॅनिंगबद्दल बोलू

आधीच सांगतो, पोस्ट लांबडी आहे आणि टॉम ब्रेडीच्या भक्तांना झोंबणार आहे. सप्टेंबर आला की आमच्याकडे इंडियानात दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात, मंडळाचा गणपती आणि एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगचा सीझन, त्यामुळे महाप्रसादाच्या रांगेत कोणीतरी हमखास विषय काढतंच की या पिढीतला सगळ्यात भारी क्वार्टरबॅक, म्हणजे टीमचा बॉल फेकणारा म्होरक्या, कोण. मग बॉस्टनहून इकडे शिफ्ट झालेला एखादा महाभाग "अरे ब्रेडीकडे सात रिंग्ज आहेत, विषय संपला" म्हणतो (रिंग म्हणजे सुपर बोल, लीगची फायनल, जिंकल्याची अंगठी) आणि मठ्ठा घ्यायला निघून जातो. संपला कसा? तिथे तर सुरू होतो.

पिढी म्हणजे १९९८ ते २००५ च्या दरम्यान लीगमध्ये आलेली पोरं. पेटन मॅनिंग ९८ चा, ब्रेडी २००० चा, ड्रू ब्रीस २००१ चा, मग रॉथलिसबर्गर, रिव्हर्स आणि पेटनचा धाकटा भाऊ ईलाय २००४ चे आणि शेवटी २००५ चा ॲरन रॉजर्स. नुसता बॉल फेकण्यात कोण देखणा म्हणाल तर रॉजर्स, मी लगेच सही करून देतो. पण भांडण होतं ते मॅनिंग आणि ब्रेडी या दोघांवरूनच.

माझं म्हणणं असं की करिअर ब्रेडीचं सगळ्यात मोठं, त्यात वादच नाही. २३ सीझन, १० सुपर बोल खेळला, ७ जिंकला, एवढं परत कोणाला जमेल असं वाटत नाही. पण क्वार्टरबॅक नावाचं जे काम आहे ना, दर प्लेला समोरच्या डिफेन्सकडे बघून निर्णय घ्यायचा, बॉल कुठे जाणार ते ठरवायचं आणि तो तिथे पोचवायचा, ते काम मॅनिंगपेक्षा चांगलं त्या पिढीत कोणी केलं नाही. हो, मी कोल्ट्सच्या, म्हणजे मॅनिंगच्या पहिल्या टीमच्या, गावचा आहे, पक्षपाती म्हणा हवं तर, पण मुद्दे ऐकून मग शिव्या घाला.

ज्यांनी हा गेम कधी धड बघितला नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो कारण सगळा वाद त्यावरच आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये ऑफेन्सची अकरा माणसं वेगळी आणि डिफेन्सची अकरा वेगळी. समोरची टीम बॉल घेऊन आली की आपला क्वार्टरबॅक बाहेर बेंचवर बसून पाणी पितो, त्याच्या हातात शष्प काही नसतं. किक मारणारा तर अजूनच वेगळा माणूस. म्हणजे मॅच जिंकणं हे फार तर निम्मं क्वार्टरबॅकचं, आणि आपण रिंग्ज मात्र पूर्ण त्याच्या बोटांत घालतो.

ब्रेडीचंच उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०१८, ईगल्सविरुद्ध सुपर बोल, ब्रेडीने ५०५ यार्ड फेकले, ३ टचडाऊन (बॉल समोरच्या टोकाला पोचवणारे पास), एकही इंटरसेप्शन (समोरच्याने पकडलेला पास) नाही, आणि त्याची टीम पॅट्रियट्स ४१-३३ ने हरली. पुढच्याच वर्षी रॅम्सविरुद्ध एकही टचडाऊन पास नाही, वर एक इंटरसेप्शन, आणि १३-३ ने जिंकले! आता मला सांगा, कुठल्या रविवारी तो चांगला क्वार्टरबॅक होता? रिंगवाल्यांच्या हिशेबाने दुसऱ्या. डोळे असलेल्या माणसाच्या हिशेबाने पहिल्या. ब्रेडीची खरी थोरवी दाखवणारी मॅच त्यांच्या मोजपट्टीत शून्य धरली जाते हे तरी निदान भक्तांना खुपायला पाहिजे की नाही?

आणि हे दोन्ही बाजूंनी लागू आहे, मी काय मॅनिंगला वेगळा न्याय लावत नाहीये. ब्रेडीची पहिली रिंग, २००१ चा सीझन, त्यात सुपर बोलमध्ये त्याने १४५ यार्ड फेकले. मॅनिंगची शेवटची, सुपर बोल ५०, त्यात त्याचे १४१. त्या वर्षी मॅनिंग संपलेला होता राव, सीझनभरात ९ टचडाऊन आणि १७ इंटरसेप्शन, डेन्व्हरचा (मॅनिंगची दुसरी टीम) डिफेन्स आणि त्यातला व्हॉन मिलर यांनी त्याला अक्षरशः उचलून ट्रॉफीपर्यंत नेलं. ती रिंग मी त्याच्या खात्यात धरतच नाही. पण मग तुम्हीपण २००१ ची बाजूला ठेवा की.

किकरचा विषय निघालाच आहे तर हे वाचा. जानेवारी २००२, फॉक्सबरोला बर्फ पडतोय, रेडर्सविरुद्ध पॅट्रियट्स तीन पॉईंटने मागे, चार्ल्स वुडसनने ब्रेडीला ठोकलं, बॉल सुटला, सगळ्यांना वाटलं फम्बल, म्हणजे बॉल हातचा गेला, संपलं. मग रेफरीने तेव्हाचा टक रूल (क्वार्टरबॅकचा हात पुढे येत असताना बॉल सुटला तर तो फसलेला पास धरायचा) काढला आणि बॉल पॅट्रियट्सकडेच राहिला. त्यानंतर ॲडम व्हिनाटिएरीने त्या भुरभुरत्या बर्फातून ४५ यार्डांवरून किक आत घातली, बरोबरी झाली, ओव्हरटाईममध्ये परत त्यानेच जिंकून दिली आणि तिथून ब्रेडीची सगळी गोष्ट सुरू झाली. आता चार वर्षं पुढे या. जानेवारी २००६, इंडियानापोलिस, स्टीलर्सविरुद्ध कोल्ट्स तीन पॉईंटने मागे, माईक व्हँडरजॅक्ट किक मारायला आला, तेव्हा लीगच्या इतिहासातला सगळ्यात अचूक किकर बरं का, अंतर ४६ यार्ड, आरसीए डोममध्ये, डोक्यावर छप्पर, वारा नाही पाऊस नाही. भलतीकडेच गेली. एकाची बर्फातून आत, दुसऱ्याची छपराखाली बाहेर, आणि दोन्ही वेळेला क्वार्टरबॅक बाजूला उभा राहून फक्त बघत होता. एकाला आपण क्लच, म्हणजे ऐन वेळी टिकणारा, म्हणतो आणि दुसऱ्याला चोकर. गंमत म्हणजे पुढच्याच सीझनला कोल्ट्सने व्हिनाटिएरीलाच उचलला आणि त्याच वर्षी सुपर बोल जिंकला! त्या प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, बाल्टिमोरला मॅनिंगचा एकही टचडाऊन नव्हता, दोन इंटरसेप्शन, आणि व्हिनाटिएरीच्या पाच फील्ड गोलवर मॅच १५-६ ने निघाली. म्हणजे मॅनिंगची रिंगसुद्धा किकरच्या पायानेच आली म्हणा, मला काही प्रॉब्लेम नाही.

मग मॅनिंग भारी कशात? ते बघायला हायलाईट्स बघून उपयोग नाही, प्लेच्या आधीची वीस-पंचवीस सेकंदं बघायला लागतात. एक प्ले संपला की पुढच्यासाठी ४० सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. कोच हेल्मेटमधल्या स्पीकरवरून क्वार्टरबॅकला प्ले सांगतो, पण घड्याळात १५ सेकंद उरले की तो रेडिओ आपोआप बंद होतो, त्यानंतर तू एकटा. बहुतेकांचं काम कोचने सांगितलेलं नीट पार पाडायचं आणि गडबड दिसली तर बदल करायचा. मॅनिंगच्या कोल्ट्समध्ये मामला उलटा, कोऑर्डिनेटर टॉम मूर दोन-तीन पर्याय पाठवायचा आणि त्यातला कुठला घ्यायचा ते मॅनिंग लाईनवर उभं राहून ठरवायचा. हडल, म्हणजे प्लेआधी घोळका करून बोलणं, नाहीच, त्यामुळे डिफेन्सला माणसं बदलायला वेळ मिळायचा नाही. मग तो इकडून तिकडे फिरतोय, लाईनबॅकरकडे बोट दाखवतोय, मार्व्हिन हॅरिसनला काहीतरी खूण, सेंटर जेफ सॅटर्डेच्या कानात काहीतरी, हात पक्ष्यासारखे फडफडवतोय, त्यातलं निम्मं खरं आणि निम्मं नुसती थाप, आणि समोरचे अकरा जण डोकं खाजवतायत. डिफेन्समधला सेफ्टी एक पाऊल पुढे सरकला की यांचा प्ले बदललाच. डेन्व्हरला गेल्यावर तर त्याचं ते "ओमाहा! ओमाहा!" टीव्हीवर एवढं ऐकू यायचं की आमच्या घरी फुटबॉलमधलं ओ की ठो न कळणाऱ्या बायकोलासुद्धा पाठ झालं होतं.

आकडेसुद्धा तेच सांगतात. ५ एमव्हीपी (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब), लीगच्या इतिहासात कोणाकडेच एवढे नाहीत, ब्रेडीकडे ३, रॉजर्सकडे ४. २००४ मध्ये ४९ टचडाऊन टाकून डॅन मरीनोचा वीस वर्षं जुना रेकॉर्ड मोडला. २००७ मध्ये ब्रेडीने ५० करून तो मोडला. मग २०१३ मध्ये, मानेची ऑपरेशनं झालेली, एक अख्खा सीझन बुडालेला, हातातली ताकद गेलेली, वय ३७, आणि या बाबाने ५५ टचडाऊन आणि ५,४७७ यार्ड फेकले.

आणि जो सीझन बुडाला, २०११, तो बघा. आदल्या वर्षी कोल्ट्स १०-६. मॅनिंग गेला आणि साधारण तीच टीम पहिल्या १३ मॅचेस सलग हरली, शेवटी २-१४. तिकडे २००८ मध्ये ब्रेडीचा गुडघा पहिल्याच मॅचला गेला आणि मॅट कॅसल, ज्याने हायस्कूलनंतर एकही मॅच स्टार्ट केली नव्हती, तो पॅट्रियट्सला ११-५ ने घेऊन गेला. भक्त म्हणतात आदल्या वर्षी १६-० होते, म्हणजे पाच मॅचेस कमी झाल्या ना, आणि प्लेऑफपण हुकला. मान्य. शिवाय कोल्ट्सने बॅकअप क्वार्टरबॅकची काही सोयच करून ठेवली नव्हती, तेही मान्य. पण ११-५ आणि २-१४ मधलं अंतर एवढ्याने भरून निघत नाही.

आता ब्रेडीच्या बाजूचं. प्लेऑफमध्ये मॅनिंग १४ जिंकला, १३ हरला, आणि तब्बल ९ वेळा पहिल्याच मॅचला घरी. त्यात जेट्सविरुद्धचा ४१-० आहे, ते मी अजून बघू शकत नाही. जानेवारी २००४ मध्ये फॉक्सबरोला चार इंटरसेप्शन, त्यातले तीन एकट्या टाय लॉचे. सेंट्सविरुद्धच्या सुपर बोलमध्ये ट्रेसी पोर्टरने पास उचलला आणि सरळ एंडझोनपर्यंत पळत गेला, तो थ्रो मॅनिंगचाच होता, त्याला किकर किंवा डिफेन्स जबाबदार नाही. सीहॉक्सने तर ४३-८ ने धुतला. याउलट अटलांटाविरुद्ध २८-३ मागे असताना ब्रेडीने जे केलं ते मॅनिंगने केलं असतं का, मला प्रामाणिकपणे वाटतं नसतं केलं. तो थंडपणा ब्रेडीचाच. ती मॅच आली की मी वाद घालत नाही, गप्प बसून जिलबी खातो.

टँपाचा मुद्दाही जड आहे. ४३ व्या वर्षी ब्रेडी पॅट्रियट्सचा कोच बेलिचेक याला सोडून टँपाच्या नव्या टीममध्ये गेला आणि पहिल्याच सीझनला महोम्सच्या चीफ्सला ३१-९ ने हरवून रिंग घेतली, इकडे बेलिचेक त्याच्याशिवाय घसरत घसरत २०२३ ला ४-१३ वर आला. "सिस्टीम क्वार्टरबॅक" (म्हणजे कोचच्या पद्धतीमुळेच चांगला दिसणारा) म्हणणाऱ्यांची तोंडं तिथेच बंद झाली, आणि व्हायलाच पाहिजे होती. फक्त एवढं लक्षात ठेवा की दोन वेगवेगळ्या टीम्सबरोबर सुपर बोल जिंकणारा पहिला स्टार्टिंग क्वार्टरबॅक मॅनिंग आहे आणि तो चार वेगवेगळ्या हेड कोचबरोबर सुपर बोलपर्यंत गेला, डंजी, कॉल्डवेल, फॉक्स, क्युबियॅक. कोच बदलला तरी ऑफेन्स तोच राहायचा, कारण ऑफेन्स म्हणजे हाच होता.

समोरासमोरचं म्हणाल तर एकूण ११-६ ब्रेडीच्या बाजूने. पण प्लेऑफमध्ये ३-२ मॅनिंग, शेवटच्या तीनही त्याच्याच. २००७ च्या जानेवारीतली २१-३ मागे पडून ३८-३४ ने जिंकलेली तर आमच्याकडे लोक अजून तोंडपाठ सांगतात.

पण मला एकच पुरावा द्यायला सांगितला तर मी प्लेऑफचा देणारच नाही. १५ नोव्हेंबर २००९, साधी लीगमधली मॅच, लुकस ऑईल स्टेडियम. पॅट्रियट्स चौथ्या क्वार्टरमध्ये १७ पॉईंटने पुढे होते, मॅनिंगने कमी करत करत ३४-२८ वर आणलं. दोन मिनिटं आणि काही सेकंद उरलीत, पॅट्रियट्सकडे बॉल, पण स्वतःच्याच २८ यार्ड लाईनवर, चौथा डाऊन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, बॉल आपल्याकडे ठेवायला दोन यार्ड पाहिजेत. शेंबडं पोरसुद्धा सांगेल की इथे पंट करायचा, बॉल लांब लाथाडायचा आणि मॅनिंगला ७० यार्ड चालायला लावायचं. बेलिचेकने पंट नाही केला! लीगमधला सगळ्यात हुशार कोच, डिफेन्स हाच ज्याचा धंदा, त्याने हिशेब केला की दोन मिनिटांत ७० यार्ड हा माणूस सहज येईल, त्यापेक्षा बॉल त्याच्या हातात जाऊच नको दे. ब्रेडीने केव्हिन फॉकला पास दिला, त्याने पकडला पण थोडक्यात कमी पडला, चॅलेंज करायला टाईमआऊट उरलेला नव्हता. मॅनिंगला बॉल मिळाला २९ यार्डांवर. आणि त्याने घाई केली नाही, उलट घड्याळ जाऊ दिलं, ब्रेडीला परत वेळ मिळू नये म्हणून, आणि अगदी शेवटच्या सेकंदांत रेजी वेनला टचडाऊन. ३५-३४.

दुसऱ्या दिवशी सगळा देश बेलिचेकला वेड्यात काढत होता. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की त्याचा हिशेब बरोबर होता. ब्रेडीला तर तो रोज प्रॅक्टिसला बघत होता, भारी क्वार्टरबॅक कसा असतो हे त्याच्यापेक्षा जास्त कोणाला कळणार? आणि अशा माणसाने साध्या लीग मॅचमध्ये सगळ्या जगासमोर कबूल केलं की समोरच्या त्या १८ नंबरला मैदानाचं कुठलंही अंतर पुरेसं लांब नाही.

महोम्सवाल्यांनो, तुमची पिढी वेगळी, तुमची पोरं अजून खेळतायत. तुमचं नंतर बघू.