पन्हळीत उगवलेला पिंपळ

गेल्या महिन्यात एका जिल्ह्याच्या गावी जुन्या कॉलेजची इमारत बघायला गेलो होतो. कुठलं कॉलेज ते विचारू नका, सांगणार नाही. काळा घडीव दगड, चुन्याचं बांधकाम, दोन मजले, वर सागवानी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोण, आणि मंगलोरी कौलं. प्राचार्य अगत्याचे, चहा उत्तम. त्यांना माझ्याकडून एवढंच हवं होतं, की ‘इमारत धोकादायक’ असं लिहून द्यायचं. मग ती पाडायची आणि त्या जागी पाच मजली, पुढून पूर्ण काचेची, छतावर सोलर लावलेली ‘ग्रीन’ इमारत बांधायची. तिचं चित्र फ्रेम करून त्यांच्या खुर्चीमागे आधीच लावलेलं होतं.

मी शिडी मागितली. वर चढून पाहिलं तर पन्हळीत पिंपळ. मनगटाएवढा जाड. म्हणजे वर्षानुवर्षं तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. पन्हळ तुंबलेली, त्यामुळे पाऊस थेट भिंतीत. आतून भिंतीला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुटलेला, तर त्यावर उपाय म्हणून कुणीतरी सिमेंटचा गिलावा मारून वर ऑइलपेंट लावला होता. शेवटी ते सगळंच झाकायला फॉल्स सीलिंग. ते एका कोपऱ्यात उघडलं, तर तुळईचं टोक बोटानं कुरतडता येत होतं.

एवढ्या सगळ्यात इमारतीचा दोष काय?

दगड-चुन्याची भिंत पाणी पिते आणि ऊन पडलं की सोडून देते. दरजांमधला, म्हणजे दगडांच्या सांध्यांमधला, चुना दगडापेक्षा मऊ असतो, आणि तो तसाच असायला हवा. झीज व्हायची ती दरजेची होते, दगड शाबूत राहतो, आणि दरजा पुन्हा भरता येतात. सिमेंटनं हा मार्गच बुजतो. आत शिरलेलं पाणी आतच राहतं, क्षार घेऊन वर चढतं आणि जिथून वाट मिळेल तिथून भिंत पोखरतं. आपल्याकडच्या जुन्या गवंड्यांना हे शिकवावं लागत नव्हतं. कळीचा चुना विझवून मुरवायचा, चुन्याच्या घाण्यात विटांच्या सुर्खीबरोबर (भुकटीबरोबर) मळायचा, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालायचं. आता चुना म्हटलं की दुकानदार पानाची डबी पुढे करतो.

‘ग्रीन’ या शब्दावर माझा मुख्य राग आहे. जगात माणसाच्या हातून जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या उत्पादनातून जातो. भट्टी साधारण 1450 अंशांवर तापवावी लागते, शिवाय चुनखडी भाजताना तिच्या पोटातला वायू बाहेर पडतो तो वेगळाच. चुनाही भट्टीतूनच येतो, मान्य. पण त्याला 900 अंशांच्या आसपास उष्णता पुरते आणि भिंतीत घट्ट होताना तो हवेतला बराचसा वायू परत घेतो. त्यात त्या कॉलेजच्या भिंतींसाठी जो काही कोळसा-लाकूड जळायचं ते आपल्या पणजोबांच्या काळात जळून गेलंय. ती भिंत पाडायची, मलबा ओढ्यात नेऊन टाकायचा, नवं काँक्रीट ओतायचं, पश्चिमेला काच लावायची, त्या काचेमुळे वर्ग तापले म्हणून एसी बसवायचे आणि त्या एसीसाठी छतावर सोलर. याला पर्यावरणपूरक म्हणायचं?

दगडी इमारतींची भीती मला समजते. 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. पण किल्लारीत माणसं दबली ती मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंतींखाली आणि वरच्या मातीच्या धाब्याच्या ओझ्याखाली. चुन्यातलं घडीव काम वेगळं. त्यालाही भूकंपासाठी लोखंडी ताण-पट्टे द्यावेत, कैच्या भिंतींना नीट जखडाव्यात. ते होतं, आणि नव्या इमारतीच्या मानानं बरंच थोडक्यात होतं.

लोक म्हणतात, हे सगळं कागदावर. मग मुंबईत फोर्टला जाऊन या. प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या पैशांतून, त्यांच्या आईच्या नावानं उभा राहिलेला राजाबाई टॉवर आणि त्याला लागून असलेलं विद्यापीठाचं ग्रंथालय. 1869 साली सुरुवात, 1878 साली पूर्ण. आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेही नव्हते, पण कुर्ल्याचा दगड आणि इथल्या कारागिरांचे हात यांनी ते निभावलं. 2013 ते 2015 या काळात वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांच्या देखरेखीखाली त्याची दुरुस्ती झाली, टीसीएसनं पैसा दिला. रंगीत काचा उजळल्या, आणि आत ग्रंथालय ग्रंथालयच राहिलं. विद्यापीठाला जागा अपुरी पडली तेव्हा ते कलिन्याला पसरलं. टॉवरच्या डोक्यावर आणखी चार मजले चढवावेत असं कुणाच्या मनात आलं नाही, हे आपलं नशीब!

उलटं उदाहरण अहमदाबादच्या आयआयएमचं, आणि ते सोपं नाही. तिथला आराखडा करणारे अमेरिकन वास्तुविशारद लुई कान यांना तिथं आणणारे बाळकृष्ण दोशी जन्मानं पुण्याचे; कान गेल्यावर काम पुढे नेणारे अनंत राजे मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयाचे. तिथल्या विक्रम साराभाई ग्रंथालयाची दुरुस्ती सोमायांच्याच संस्थेनं केली आणि 2019 साली तिला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 2020 मध्ये, आयआयएमनं 18 पैकी 14 वसतिगृहं पाडायचा विचार जाहीर केला. जगभरातून ओरड झाली, 1 जानेवारी 2021 ला तो मागे घेतला, आणि 2022 च्या अखेरीस पुनर्बांधणीची भाषा पुन्हा सुरू झाली. संस्थेचं म्हणणं खोटं नाही: विटा कमी दर्जाच्या, त्यात गाडलेलं लोखंड गंजून फुगलेलं, छताचे तुकडे पडतात. गंजलेलं लोखंड वीट फोडतं, त्यावर नुसता गिलावा उपयोगाचा नाही. तिथं शिकणाऱ्या मुलाच्या आईला वास्तुकलेचा वारसा सांगून झोप येणार नाही, हेही खरं. पण याच संस्थेनं जागा कमी पडली तेव्हा रस्त्यापलीकडे नवा कॅम्पस बांधला आणि भुयारी मार्गानं जुन्याला जोडला. वाढ अशी करता येते, हे त्यांनीच दाखवलंय.

मी त्या प्राचार्यांनाही हेच सुचवलं. मागे सायकल स्टँडची पडीक जागा आहे, तिथं तीन मजले बांधा. जुन्या भिंतीला टेकू नका, मध्ये फट ठेवा आणि वरून हलका लोखंडी पूल टाका. लिफ्ट, स्वच्छतागृहं, लॅबच्या पाइपलाइनी सगळं नव्यात. जुन्यात फक्त वर्ग आणि वाचनालय. उंच छत, वरचे झरोके, दक्षिणेचा व्हरांडा. फॉल्स सीलिंग काढलं की पंख्यावर भागेल. सिमेंटचा गिलावा खरवडून काढा, भिंत दोन उन्हाळे वाळू द्या.

“दोन उन्हाळे?” ते म्हणाले.

परत निघताना व्हरांड्यात एक निवृत्त शिपाई भेटले, पेन्शनच्या कागदासाठी आले होते. म्हणाले, “साहेब, मे महिन्यात आम्ही दोघं वर चढून पन्हळी साफ करायचो, फुटकी कौलं बदलायचो. आठवडा लागायचा. मी रिटायर झालो, ती पोस्ट काही भरली नाही.”

माझ्या अहवालात पहिली ओळ तीच आहे. पावसाळ्यापूर्वी पन्हळी साफ करणे व कौले बदलणे, माणसे दोन, दिवस सात. परवा व्हॉट्सॲपवर नव्या इमारतीच्या भूमिपूजनाची पत्रिका आली. जागा जुनीच आहे की सायकल स्टँडची, ते पत्रिकेत लिहिलेलं नाही. फोन केला तर प्राचार्य मीटिंगमध्ये होते.