सलग 32 वेळा धाव, म्हणजे घाबरट डावपेच?

11 नोव्हेंबर 2023 ला कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये मिशिगनने पेन स्टेटला त्यांच्याच मैदानावर 24-15 असं हरवलं. त्यात सलग 32 वेळा पास न देता चेंडू घेऊन धावण्याचाच डाव टाकला. (मध्ये एक पास फेकला होता, पण पेन स्टेटच्या फाउलमुळे तो मोजला गेला नाही.) तेव्हापासून एक दावा फिरतो आहे: मिशिगनचे त्या दिवशीचे प्रभारी प्रशिक्षक शेरॉन मूर घाबरले, क्वार्टरबॅकवर (पास फेकणाऱ्या खेळाडूवर) भरवसा नव्हता, पुढचा डाव शेंबड्या पोरालाही कळत होता, नशिबाने निभावलं.

भरवशाचं आधी. मिशिगनचा क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थीने त्या दिवशी 8 पैकी 7 पास पूर्ण केले होते. अडचण समोरच्या कडेला होती. पेन स्टेटच्या बचावफळीच्या टोकांना उभे राहणारे चॉप रॉबिन्सन आणि अडिसा आयझॅक यांना पास येणार हे कळलं, की ते थेट क्वार्टरबॅकवर सुटतात. धाव येणार असेल तर आधी आपली जागा धरून ठेवावी लागते, आणि वेग वाया जातो. त्यात मिशिगनने आक्रमणाच्या पुढच्या ओळीत एक जादा टॅकल (धावणाऱ्यासाठी वाट मोकळी करणारा) उभा केला, म्हणजे त्यांच्या अंगावर आणखी एक धिप्पाड खेळाडू.

‘डाव कळत होता’ हे तर अर्धंच खरं. धाव येणार हे कळत होतं. कुठल्या फटीतून, हे नाही. इनसाइड झोन या धावेच्या डावात सगळी ओळ एकाच दिशेला पाऊल टाकते. काउंटर या दुसऱ्या डावातही सुरुवात तशीच दिसते, पण ओळीतला पलीकडचा गार्ड ओळीमागून उलट येऊन धडकतो. लाइनबॅकर (बचावाच्या ओळीमागे उभा खेळाडू) पहिल्या पावलाला फसला तर काउंटर त्याला चकवतो. तो थबकला तर डुओ या तिसऱ्या डावात ओळीतले दोघे मिळून समोरच्याला ढकलत त्याच्यापर्यंत नेतात. फलंदाजाला वेगवान चेंडू येणार हे माहीत असतंच, म्हणून यॉर्कर खेळता येतो का?

आता ‘पास दिले असते तर मोठा विजय झाला असता’ हा आक्षेप. मध्यंतराला मिशिगन 14-9 असं पुढे होतं आणि पेन स्टेटचं आक्रमण अडकलेलं. अशा वेळी सामना घालवण्याचा सोपा मार्ग एकच: क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू सुटणे. 46 धावांत 227 यार्ड, म्हणजे दर डावाला जवळपास 5. चार डावांत 10 यार्ड हवे असताना हे पुरतं. शिवाय त्याच वर्षी नियम बदलला होता: हाफची शेवटची 2 मिनिटं सोडली तर फर्स्ट डाउनला (10 यार्ड पूर्ण होऊन नवे चार डाव मिळाले की) घड्याळ थांबेनासं झालं. मैदानातच पाडलेल्या प्रत्येक धावेमागे 40 सेकंदांपर्यंत वेळ खाता येतो. अपूर्ण पास घड्याळ थांबवतो.

14 गुणांनी मागे असताना हेच केलं असतं तर तो वेडेपणा ठरला असता, हे मान्य. पण मिशिगन आघाडीवर होतं.

पेन स्टेटच्या क्वार्टरबॅकने 22 पास फेकून 70 यार्ड मिळवले. दुसऱ्याच दिवशी आक्रमणाच्या समन्वयकाची नोकरी गेली, ती तिथली.