दूरनियंत्रित बंदूक आपणहून गोळी झाडत नाही

पुण्याच्या खडकी-दिघी भागातील व्हॉट्सॲप गटांवर सध्या असा संदेश फिरत आहे की, लष्करी गाड्यांवर व नौकांवर बसवलेली दूरनियंत्रित बंदूक शत्रूला स्वतः ओळखून स्वतःच गोळ्या झाडते आणि तिला माणूस लागत नाही. हे खरे नाही.

या यंत्रणेत बंदूक चालवणारा सैनिक उघड्यावर उभा राहण्याऐवजी चिलखताच्या आत पडद्यासमोर बसतो. दिवसाचा कॅमेरा, उष्णतेवरून चित्र दाखवणारा कॅमेरा आणि लेझर अंतरमापक यांच्या आधारे नेम धरतो आणि कळ स्वतः दाबतो. गाडी खड्ड्यांतून वा नौका लाटांवर हेलकावत असली, तरी जायरोस्कोप (हेलकावे ओळखणारे उपकरण) व मोटारी नळीचा रोख स्थिर ठेवतात. काही यंत्रणा लक्ष्याचा मागही आपोआप ठेवतात, आणि गैरसमज बहुधा इथूनच निघाला असावा. पण माग ठेवणे म्हणजे गोळी झाडणे नव्हे.

संरक्षण मंत्रालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये नौदल व तटरक्षक दलासाठी 12.7 मिमीच्या अशा 463 बंदुकांचा करार केला, तो कानपूरच्या सरकारी कंपनीशी. आणि माणूस लागत नाही म्हणाल, तर दारूगोळा संपल्यावर अनेक यंत्रणांत कुणाला तरी बाहेर यावेच लागते, हे संदेश लिहिणाऱ्याच्या गावीही नाही.