पाकीट बंद व्हायला बारा वर्षं लागली

२०२५च्या ऑगस्टमध्ये ७१वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले. 'जवान'साठी शाहरुख खानला मिळालेल्या पुरस्कारावरून महाराष्ट्रात जी वादावादी झाली, ती लॉस एंजेलिसच्या मराठी मंडळींतही तेवढ्याच जोराने झाली. दर सप्टेंबरला भारताकडून ऑस्करला कोणता चित्रपट पाठवायचा यावरून होते, तशीच. आणि दोन्ही वेळा गाडी एकाच वाक्यावर येऊन थांबते: आपल्याकडे सगळं आधीच ठरलेलं असतं, तिकडे ऑस्करमध्ये बघा कसं स्वच्छ असतं.

हे वाक्य ज्या गावाबद्दल बोललं जातं, त्या गावात राहून ते ऐकवत नाही. ऑस्कर स्वच्छ जन्मलेलं नाही. ते स्टुडिओमालकांनी, स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या सोयीसाठी काढलं. त्यात आज जेवढा विश्वासार्हपणा आहे तो एकेका भांडणातून आला, आणि प्रत्येक भांडणानंतर माणसं नव्हे, नियम बदलले. आपल्या वादात नेमकं हेच हरवतं. आपण परीक्षकांची नावं वाचतो आणि त्यांच्या हेतूवर बोलतो. पद्धतीवर कुणी बोलत नाही.

मुळापासून सांगायला हवं. १९२६च्या नोव्हेंबरात हॉलिवूडच्या स्टुडिओंनी सुतार, विजेवाले, रंगारी यांच्या संघटनांशी करार केला. आता नट, लेखक आणि दिग्दर्शकही संघटना करणार, हे एमजीएम या मोठ्या स्टुडिओचा प्रमुख लुई बी. मेयर याला दिसत होतं. १९२७च्या जानेवारीत त्याच्या घरी जेवण झालं आणि त्यातून ऑस्कर देणाऱ्या अकादमीची कल्पना निघाली: निर्माते, नट, दिग्दर्शक, लेखक आणि तंत्रज्ञ अशा पाच शाखा एका छपराखाली आणायच्या, तंटे तिथेच मिटवायचे, म्हणजे बाहेर संघटना नको. ३६ संस्थापक सभासद होते. पुरस्कार हे त्या वेळी जोडकाम होतं. ऑस्करचा पुतळा ज्या फिल्मच्या रिळावर उभा आहे, त्या रिळाच्या पाच आऱ्या म्हणजे याच पाच शाखा.

पहिला सोहळा १६ मे १९२९ रोजी हॉलिवूड रूझवेल्ट हॉटेलात झाला. साधारण २७० पाहुणे, ५ डॉलरचं तिकीट आणि पंधरा मिनिटांत वाटप पूर्ण. उत्सुकता अशी नव्हतीच, कारण विजेत्यांची नावं तीन महिने आधी फेब्रुवारीतच जाहीर झाली होती. निवड कशी झाली ते जास्त महत्त्वाचं. सभासदांनी नावं सुचवायची, शाखांच्या परीक्षकांनी ती छाटायची, आणि अखेरचा निर्णय पाच शाखांच्या मिळून पाच परीक्षकांच्या मध्यवर्ती मंडळाने घ्यायचा. म्हणजे अख्ख्या उद्योगाचा निकाल पाच माणसांच्या हाती. आपल्याकडची 'ज्यूरी' ती हीच.

यात काय बिघडतं ते दुसऱ्याच वर्षी दिसलं. १९३० साली अभिनेत्रीचा पुरस्कार मेरी पिकफोर्डला मिळाला. ती संस्थापक सभासद, तिचा नवरा डग्लस फेअरबँक्स अकादमीचा पहिला अध्यक्ष, आणि तिने परीक्षकांना 'पिकफेअर' या आपल्या बंगल्यावर चहाला बोलावल्याची बोलवा सगळीकडे झाली होती. चहामुळे निकाल लागला असं कुणी सिद्ध केलेलं नाही आणि करताही येणार नाही. पण पाच माणसं एका बंगल्यावर बोलावता येतात. तिसऱ्या पुरस्कारांपासून मत सगळ्या सभासदांना मिळालं. पिकफोर्डचा पुरस्कार कुणी काढून घेतला नाही, परीक्षकांची चौकशी नेमली नाही; चहाला बोलावता येणार नाही एवढी मतदारांची संख्या वाढवली.

मतं आली की मोजणीचे प्रश्न येतात. १९३२च्या नोव्हेंबरात अभिनेत्याच्या पुरस्कारासाठी फ्रेडरिक मार्चला वॉलेस बीरीपेक्षा एकच मत जास्त पडलं. तेव्हाच्या नियमात तीन मतांच्या आतला फरक बरोबरी धरला जाई, म्हणून दोघांनाही पुतळा मिळाला. हा नियम पुढे रद्द झाला आणि बरोबरी म्हणजे मतं तंतोतंत सारखी, असं ठरलं. १९६९ साली कॅथरिन हेपबर्न आणि बार्ब्रा स्ट्रायसंड यांना पुरस्कार वाटून मिळाला तो या काटेकोर नियमाखाली.

खरा घाव मात्र १९३३ सालचा. मार्चमध्ये अमेरिकेतल्या बँका बंद झाल्या आणि स्टुडिओंनी आठ आठवड्यांसाठी पगार निम्म्यापर्यंत कापायचं ठरवलं. अकादमीने मध्यस्थी केली. ती मालकांच्या बाजूने झाली, असं नोकरीवरच्या माणसांचं मत पडलं, आणि त्याच वर्षी लेखकांची व नटांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. अकादमीचे सभासद धडाधड राजीनामे देऊ लागले. १९३६ साली तर संघटनांनी सोहळ्यावर बहिष्कार घालायचं आवाहन केलं आणि 'द इन्फॉर्मर'च्या पटकथेचा पुरस्कार डडली निकोल्सने नाकारला. अकादमीचा अध्यक्ष तेव्हा दिग्दर्शक फ्रँक काप्रा होता. त्याने आणि त्याच्या मंडळाने संस्था वाचवली ती एक गोष्ट सोडून देऊन: १९३७पासून अकादमीने पगार, करार, तंटे यांतून अंग काढून घेतलं. जी संस्था स्थापनच त्या कामासाठी झाली होती, तिने ते काम टाकलं आणि म्हणून पुरस्कार शिल्लक राहिला.

मध्ये १९३४ सालच्या चित्रपटांसाठीची नामांकनांची यादी आली आणि तीत अभिनेत्री बेटी डेव्हिसचं नाव नव्हतं. 'ऑफ ह्यूमन बाँडेज'मधलं तिचं काम बघितलेल्यांनी एवढा गोंधळ केला, की मतपत्रिकेवर नसलेलं नावही हाताने लिहायची मुभा द्यावी लागली. डेव्हिस तरीही हरली. पुढच्या वर्षी मतमोजणी प्राइस वॉटरहाउस या हिशेबतपासनीस कंपनीकडे गेली, आणि त्याच वर्षी हॅल मोर हा छायालेखक हाताने लिहिलेल्या मतांवर जिंकला. छापील यादीत नाव नसताना ऑस्कर मिळवलेला तो एकमेव माणूस. मग ती मुभा बंद झाली. या सगळ्यात टिकाऊ ठरलेली गोष्ट म्हणजे मोजणाऱ्याचा निकालात काही हितसंबंध नसणं.

नुसती मतदारसंख्या वाढवूनही भागत नाही, हेही त्या काळाने दाखवलं. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात संघटनांना जवळ करण्यासाठी मतदान त्यांच्या सभासदांना खुलं केलं आणि मतदार हजारोंच्या घरात गेले. त्यांत एक्स्ट्रा कलाकारही होते, म्हणजे उद्याचं काम कोणत्या स्टुडिओत मिळणार याची रोज चिंता असणारी माणसं. स्टुडिओच्या कराराखाली असलेल्या माणसाने आपल्याच स्टुडिओच्या चित्रपटाला मत देणं तर सर्रास चाले. १९४०च्या दशकाच्या मध्यात आधी एक्स्ट्रांचं मत गेलं आणि मग अंतिम मतदान पुन्हा सभासदांपुरतं आलं. एसएमएसवर 'लोकप्रिय चित्रपट' ठरवणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा.

आता ते पाकीट. सुरुवातीच्या वर्षांत विजेत्यांची यादी वर्तमानपत्रांना आधीच मिळे; रात्री अकरानंतर छापायची एवढीच अट. २९ फेब्रुवारी १९४० रोजी लॉस एंजेलिस टाइम्सने ती पावणेनऊच्या आवृत्तीत छापली आणि अँबॅसडर हॉटेलात शिरणाऱ्या पाहुण्यांनी दारातच निकाल वाचला. १९४१पासून बंद पाकिटं आली. २०१७पर्यंत निकाल मतं मोजणाऱ्या कंपनीच्या दोनच भागीदारांना माहीत असे. पाकिटांचे दोन पूर्ण संच दोन पेट्यांत, व्यासपीठाच्या दोन बाजूंना असत. २०१७ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नाव चुकलं ते या दुहेरी संचामुळेच: अभिनेत्रीच्या पुरस्काराचं उरलेलं दुसरं पाकीट हातात दिलं गेलं. पण खरा निकाल कुणालातरी ठाऊक होता, म्हणून चूक व्यासपीठावरच दुरुस्त झाली. त्यानंतर पाकिटं सांभाळणाऱ्यांना तिथे मोबाइल बंद झाला आणि नियंत्रण कक्षात तिसरा भागीदार बसू लागला. इथेही उत्तर नियमातच शोधलं गेलं.

१९४०च्या त्याच रात्री नियमांची मर्यादाही दिसली, ती लपवून चालणार नाही. 'गॉन विथ द विंड'साठी हॅटी मॅकडॅनियलला सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. ऑस्कर मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. पण कृष्णवर्णीयांना त्या हॉटेलात प्रवेशच नव्हता. निर्माता सेल्झनिकला खास परवानगी काढावी लागली, आणि मॅकडॅनियल चित्रपटातल्या सहकाऱ्यांबरोबर न बसता भिंतीलगतच्या वेगळ्या टेबलावर बसली. सहायक कलाकारांना तेव्हा पुतळा नव्हे तर छोटी पाटी मिळे. तिने ती हॉवर्ड विद्यापीठाला दिली, तिथून ती हरवली, आणि अकादमीने बदली पाटी दिली ती २०२३ साली. मोजणी निर्दोष होती. मोजणीने हॉटेलाचं दार उघडलं नाही. १९५७ साली तर अकादमीने स्वतःच नियम केला, की कम्युनिस्ट असल्याच्या चौकशीत उत्तर द्यायला नकार देणाऱ्याला पुरस्कार नाही. त्याच वर्षी कथेचा पुरस्कार 'रॉबर्ट रिच' नावाच्या माणसाला मिळाला आणि तो घ्यायला असा माणूसच नव्हता. ते काळ्या यादीतल्या डाल्टन ट्रंबो या पटकथालेखकाचं टोपणनाव होतं. तो नियम १९५९च्या जानेवारीत रद्द झाला, ट्रंबोच्या हाती पुतळा पडायला १९७५ उजाडलं.

पैशाचा मुद्दा आपल्या मराठी पुरस्कारांना सगळ्यात जवळचा आहे. सोहळ्याचा खर्च स्टुडिओ करत. १९४०च्या दशकाच्या अखेरीस धंदा उतरला, १९४८च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पॅरामाउंट निकालाने स्टुडिओंच्या हातची थिएटरं सुटायला सुरुवात झाली, आणि मोठ्या स्टुडिओंनी सोहळ्याचा खर्च बंद केला. १९४९ साली सोहळा हजाराहून कमी खुर्च्यांच्या अकादमीच्या छोट्या थिएटरात झाला. आणि त्याच रात्री सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला 'हॅम्लेट', ब्रिटिश चित्रपट. १९५३च्या मार्चमध्ये एनबीसीने १ लाख डॉलर मोजून सोहळा दूरचित्रवाणीवर दाखवला, आणि खर्चासाठी स्टुडिओंच्या तोंडाकडे बघणं संपलं.

आपल्याकडे मराठीत आज नेमकी उलट दिशा आहे. वाहिनी चित्रपटात पैसा घालते, तो आपल्याच पडद्यावर दाखवते, आणि पुरस्कारही तीच देते. मेयरच्या घरच्या जेवणाचा हाच ताळेबंद होता. अशा सोहळ्यातला प्रत्येक निकाल खोटा असतो असं अजिबात नाही. पण तो खरा आहे हे दाखवायला वाहिनीकडे काही साधन नाही. आपल्या निर्मितीला पुरस्कारांत स्पर्धेबाहेर ठेवणं किंवा मोजणी बाहेरच्या तपासनिसाकडे देऊन तसं लेखी जाहीर करणं, यांपैकी एक तरी करता येतं, आणि त्याला फारसा पैसा लागत नाही.

सरकारी पुरस्कारांचं दुखणं वेगळं आहे, तिथे अडचण तज्ज्ञतेची आहे. १९५४ साली आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं तेव्हा वर्षाला निघणारे चित्रपट एका समितीला बघून होत असतील. आज अनेक भाषांतले चित्रपट आणि अनेक तांत्रिक विभाग अखेर एकाच केंद्रीय ज्यूरीने ठरवायचे असतात. त्यातून काय होतं? २०२२ साली चित्रीकरणस्थळी केलेल्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार 'डोल्लू' या कन्नड चित्रपटाला गेला, आणि त्याच्या ध्वनी-रचनाकारानेच सांगितलं की या चित्रपटाचे संवाद डब केलेले आहेत. कुणी लबाडी केली म्हणून हे झालं नाही; डबिंग आणि चित्रीकरणस्थळीच टिपलेला आवाज, म्हणजे सिंक साउंड, यांतला फरक कानाने ओळखेल असं तिथे कुणी नव्हतं, किंवा असलं तरी त्याला विचारलं गेलं नाही. इथे ऑस्करमध्ये ध्वनीच्या पुरस्कारासाठी निवडक दहा चित्रपटांचे छोटे तुकडे ध्वनी शाखेचे सभासद थिएटरात बसून ऐकतात आणि मग नामांकनं ठरवतात. नामांकन त्या कामातल्या माणसांनी करायचं, अंतिम मत सगळ्यांचं.

शाखांची पद्धतही सरळसोट नव्हती. एमजीएमच्या कलाविभागाचा प्रमुख सेड्रिक गिबन्स, ज्याने ऑस्करचा पुतळा रेखाटला, त्याला ११ ऑस्कर मिळाले. स्टुडिओच्या चित्रपटांवर त्याचं नाव घालायचं हे करारातच होतं; प्रत्यक्ष संच उभा करणारा माणूस बऱ्याचदा दुसराच असे. वेशभूषेला तर १९४९पर्यंत पुरस्कारच नव्हता, आणि शिलाई विभागात शेकडो हात राबत होते. तो विभाग सुरू झाला म्हणूनच १९८३ साली कोल्हापूरच्या भानू अथैय्या यांना 'गांधी'साठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळालं, भारतीयाला मिळालेलं पहिलं. २०१२ साली त्यांनी तो पुतळा सुरक्षित राहावा म्हणून अकादमीकडे परत पाठवला. मराठी माणसाने या गोष्टीचं वाईट वाटून घ्यायला हवं: आपल्याकडे तो ठेवावा अशी जागा त्यांना दिसली नाही.

इथे बेव्हर्ली हिल्समध्ये ला सिएनेगा रस्त्यावर, जुन्या जलशुद्धीकरण केंद्राच्या इमारतीत अकादमीचं मार्गारेट हेरिक ग्रंथालय आहे. ओळखपत्र दाखवून कुणीही आत बसू शकतो. पटकथा, पत्रव्यवहार, कात्रणं हातात घेऊन बघता येतात. राज्य मराठी चित्रपट पुरस्कारांच्या प्रत्येक वर्षाची प्रवेशिकांची यादी, परीक्षकांची नावं आणि त्यांनी लिहिलेली कारणं अशी एका जागी वाचायला मिळाली, तर निम्मी भांडणं पुराव्यावर होतील.

सॅन होजेत २०२४पासून मराठी चित्रपट महोत्सव भरू लागला आहे, आणखी गावांतही भरतील, आणि जिथे महोत्सव तिथे आज ना उद्या पुरस्कार येतोच. तो सुरू करणाऱ्या मंडळांनी पहिल्या वर्षापासून प्रवेशिका आलेल्या सगळ्या चित्रपटांची यादी आधी छापावी. ज्याचा एखाद्या चित्रपटात पैसा, नातं किंवा काम आहे, त्याने त्या विभागापुरतं लेखी बाहेर व्हावं. ध्वनी, छायालेखन, संकलन यांची छाननी त्याच कामातल्या तिघाचौघांकडे द्यावी. आणि मतपत्रिका मोजायला आपल्याच गावातला असा एखादा सनदी लेखापाल बसवावा, ज्याचा चित्रपटाशी कसलाही संबंध नाही.