फेस आला म्हणजे संडास मोकळा झाला असं नाही

कमोड तुंबला की तो मेसेज हमखास येतो: कपभर खायचा सोडा, त्यावर व्हिनेगर, वरून उकळतं पाणी, दहा मिनिटांत काम फत्ते. नाहीच झालं तर ॲसिड ओता, प्लंबरचे पैसे वाचवा. मीही हा उद्योग केलाय. फेस झकास आला, पाणी तसूभरही उतरलं नाही.

म्हणे गॅसच्या जोराने बोळा सुटतो. अहो, बूच लावलेल्या बाटलीत गॅसचा जोर होतो. इथे भांड्याचं तोंड उघडं, कार्बन डायऑक्साइड सरळ वर निघून जातो. व्हिनेगरमध्ये ॲसिड असतं साधारण ५ टक्के. ते सोड्यात मिसळलं की दोघंही एकमेकांना मारतात आणि उरतं सोडियम ॲसिटेटचं खारट पाणी. त्याने वाइप्स विरघळणार? फरशीवरचे डाग तरी निघतील का, शंकाच आहे.

उकळत्या पाण्याने चिनी मातीचं भांडं तडकू शकतं. हात सोसेल इतपत गरम पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड घालून अर्धा तास थांबलात, तर कागद किंवा मैला अडकला असल्यास कधीकधी सुटतो. सोड्याला मिळणारं श्रेय बहुधा या भिजण्याचंच असतं.

ॲसिडचा सल्ला मात्र घातक. त्याने क्षार निघतात, कापड किंवा पॅड नाही. आणि आधी कोणी ब्लीच ओतलं असेल तर क्लोरीन वायू तयार होतो, तोही बंद संडासात.

मग प्लंबरचे पैसे वाचवायचे कसे? पंपाने, म्हणजे दांड्याच्या रबरी वाटीने (प्लंजरने). आधी टाकीत पाणी सोडणारा नळ, म्हणजे अँगल कॉक, बंद करा आणि फ्लशला हात लावू नका, नाहीतर ‘एकदा फ्लश करून बघू’ म्हणत टाकी फरशीवर रिकामी कराल. पंप असा हवा, ज्याच्या वाटीच्या आतून पातळ रबरी ओठ बाहेर येतो. मोरीचा चपटा पंप कमोडच्या तोंडावर नीट बसत नाही. रबर पाण्यात पूर्ण बुडायला हवं. पहिला दाब हळू द्या, आतली हवा निघून जाते. मग पंप न उचलता दाबा आणि झटक्याने ओढा, पंधरा-वीस वेळा. खरं काम ओढण्यात आहे: बोळा मागेपुढे हलून सैल होतो.

फ्लश केल्यावर बाथरूमच्या जाळीतूनही पाणी बुडबुडत वर येत असेल, तर अडथळा पुढच्या लाइनमध्ये आहे. तिथे पंपही हरतो. चेंबर उघडावा लागतो.