हिरवं तोंड, लाल तोंड

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एकच बातमी फिरते. जिमच्या पोरांना इंजेक्शनं विकणारा कुणीतरी धरला, इतक्या बाटल्या सापडल्या. खाली लगेच सुरू होतं, "परदेशासारखा कडक कायदा करा, आत टाका समद्याला." मग कुणीतरी मला टॅग करतं. परभणी सोडून नऊ वर्षं झाली, राहतो डेन्मार्कमधल्या आरहुसला. म्हणून ग्रुपपुरता 'परदेश' म्हणजे मी.

तर परदेशाचं सांगतो. मी जातो त्या जिमच्या दारावर हिरवा हसरा चेहरा चिकटवलाय. त्याचा अर्थ, इथं डोपिंगची, म्हणजे अंग किंवा दम वाढवायला घेतलेल्या औषधांची, तपासणी होते. जी जिम तपासणीच्या करारात नाही, तिनं लाल, रुसलेलं तोंड लावायचं. कायदाच आहे तसा. सभासद होताना मी जिथं सही केली, तिथंच मागतील तेव्हा लघवीचा नमुना देईन असंही लिहिलं होतं. एका संध्याकाळी तपासणीवाले दोघं न सांगता आले आणि बेंचवरच्या एका दांडग्या गड्याला बाजूला घेऊन गेले. माझ्याकडं त्यांनी वळूनही पाहिलं नाही. माझे दंड बघता ते बरोबरच होतं म्हणा. पण यावर इथंही कुरकूर असतेच: अंगावरून माणूस निवडायचा म्हणजे मेहनतीनं कमावलेल्यावरही संशय. नमुना द्यायला नकार दिला तरी दोषी धरतात, आणि मग करारातल्या कुठल्याच जिममध्ये पाय ठेवता येत नाही.

1999 च्या इथल्या कायद्यानं औषधोपचाराचं कारण नसताना स्टेरॉइड, म्हणजे स्नायू फुगवणारी औषधं, जवळ बाळगणं हाच गुन्हा. शेजारच्या स्वीडनमध्ये नुसतं घेणं हाही गुन्हा. संशय आला तर पोलीस तपासणीला नेतात. ब्रिटनमध्ये बरोबर उलटं. स्वतःपुरतं खिशात असेल तर गुन्हा नाही, विकलं तर 14 वर्षांपर्यंत कैद. अमेरिकेनं 1988 ला सोल ऑलिंपिकमध्ये धावपटू बेन जॉन्सन स्टेरॉइड घेतलेला सापडल्यावर दोन वर्षांनी कायदा करून स्टेरॉइड नियंत्रित पदार्थांच्या यादीत टाकले. यातला नेमका कोणता 'परदेशासारखा' कायदा ग्रुपला पाहिजे, हे मी दरवेळी विचारतो. त्यावर अंगठा येतो, उत्तर येत नाही.

आणि आपल्याकडं कायदा नाही असं कोण म्हणतं? टेस्टोस्टेरॉन, नँड्रोलोन ही स्टेरॉइडं म्हणजे शेड्यूल एच या सरकारी यादीतली औषधं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, 1940 चा औषध कायदा आणि 1945 चे नियम तेच सांगतात. 2022 ला डोपिंगविरोधी कायदाही आला, पण तो खेळाडूंचा. स्पर्धेत उतरणारा बॉडीबिल्डर नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेच्या, तपासणीत सापडला तर त्याच्यावर बंदी येते. परभणीतल्या वसमत रोडच्या जिममधला पोरगा मात्र स्टेजवर कधी चढतच नाही. त्याला भावाच्या लग्नाआधी साइझ पाहिजे, किंवा भरतीत नंबर. त्याच्यापुरता अख्खा कायदा म्हणजे मेडिकलच्या काउंटरमागं उभा असलेला एक माणूस.

त्या माणसाचं काय चालतं ते मी गेल्या दिवाळीत ताईकडं पाहिलं. भाच्याच्या किटबॅगेत बुटांखाली मोज्यात गुंडाळलेली बाटली निघाली. ताईला वाटलं, ताकदीचं काहीतरी असंल. लेबल वाचलं, मेफेंटरमाइन. ऑपरेशनच्या टेबलावर भूल दिलेल्या पेशंटचा रक्तदाब घसरला की भूलतज्ज्ञ देतात ते. पोरगा पोलीस भरतीची तयारी करत होता. 1600 मीटर धावण्याला 20 गुण. रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढवणारी वस्तू टोचून ऊर फुटेस्तोवर पळायचं, असा सगळा बेत.

"चिठ्ठी कुणी दिली?"

"चिठ्ठी कशाची, मामा? त्यानं फक्त किती पाहिजेत तेवढं विचारलं."

"आणि तू घेतलं?"

"समदेच घ्यायलेत. मी एकटाच राहिलो तर माझाच नंबर जाईल की."

डेन्मार्कसारखा 'जवळ सापडलं की गुन्हा' हा कायदा उद्या आपल्याकडं असल्या सगळ्या औषधांना लागू केला तर पहिला आत जाणार तो हाच. एकदा गुन्हा दाखल झाला की भरतीचं स्वप्नही तिथंच संपलं. विकणारा दुकानातच राहील. म्हणून आत टाका म्हणणाऱ्यांच्या मागं मी उभा राहत नाही. मला त्या काउंटरवर औषध निरीक्षक हवा, सणासुदीला मिठाईच्या दुकानात नमुने घ्यायला जातात तसा, अचानक. आणि हिरव्या-लाल तोंडाचा कागद परभणीतल्या प्रत्येक जिमच्या दारावर हवा, आतल्या फुगलेल्या दंडांच्या पोस्टरपेक्षा मोठा. आईबापाला बाहेरूनच कळावं, पोरगं कुठं चाललंय.

परवा व्हिडिओ कॉलवर भाच्याला माझ्या जिमचं दार दाखवलं. त्याला ते तोंड लहान पोरांच्या स्टिकरसारखं वाटलं, हसला. मग म्हणाला, "मामा, तिकडं लाल तोंडाच्या जिममध्ये गर्दी असती का?"

असते, म्हणालो. माझ्या ऑफिसातलाच एक जण तिथं जातो.