हंडीची उंची आणि 1905 चं शिकागो

गोकुळाष्टमी जवळ आली की शिकागोत बसूनही मोबाइलवर तोच वाद वाचायला मिळतो. एक बाजू म्हणते, थर कोसळून पोरं मरतात, दहीहंडी बंदच करा. दुसरी म्हणते, आमच्याच सणांना नियम कशाला? मग परदेशात राहणारा कुणीतरी हमखास लिहितो, ‘अमेरिकेत असलं काही खपवून घेत नाहीत.’ हे साफ खोटं आहे. खपवून घेतलं होतं, आणि तेही मी राहतो त्या शिकागोतल्या हाइड पार्कमध्ये.

शिकागो विद्यापीठाचं रेगेनस्टाइन ग्रंथालय आज उभं आहे तिथे पूर्वी फुटबॉलचं मैदान होतं. हा अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ. 30 नोव्हेंबर 1905, थँक्सगिव्हिंगचा दिवस. समोर मिशिगनचा संघ, 56 सामने न हरलेला. त्या हंगामात त्यांनी 495 गुण केले होते आणि प्रतिस्पर्ध्याला एकही दिला नव्हता. शिकागोच्या वॉल्टर एकर्सॉलने लांबवर लाथाडलेला चेंडू मिशिगनच्या डेनी क्लार्कच्या हाती पडला, तो स्वतःच्या गोलरेषेमागे असताना. तिथेच थांबायचं सोडून तो चेंडू घेऊन पळाला, रेषेच्या पुढे आलाही, तोच शिकागोच्या गड्यांनी त्याला रेटत पुन्हा मागे नेलं. स्वतःच्या रेषेमागे असा अडकला की समोरच्याला दोन गुण! सामना 2-0 असा संपला आणि शिकागोचे प्रशिक्षक स्टॅग गुरुजी यांचा संघ हंगामभर अजिंक्य राहिला.

त्याच हंगामात देशभर फुटबॉल खेळताना अठरा-एकोणीस जण गेले, त्यातले बहुतेक शाळकरी. कारण नियमांतच होतं. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना, आणि चेंडू पुढे फेकायला मनाई. मग सगळा संघ हात गुंफून एकाच जागी घुसायचा, चेंडूवाल्याला मागून ढकलायचा, पुढून ओढायचा. हेल्मेटची सक्ती नव्हतीच. ढिगाऱ्याखाली सापडेल त्याची मान नाहीतर कवटी जायची.

तेव्हाही ‘बंद करा’ म्हणणारे होते. हार्वर्डचे अध्यक्ष एलियट त्यातले एक. कोलंबियाने खेळ खरोखरच थांबवला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मात्र खेळ हवा होता, त्यांचा मुलगाच हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या संघात होता. ऑक्टोबरमध्ये त्यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसवर बोलावून समज दिली. त्याने फारसं काही झालं नाही. नोव्हेंबरात न्यूयॉर्क विद्यापीठाविरुद्ध खेळताना युनियन कॉलेजचा हॅरॉल्ड मूर गेला, तेव्हा कुठे डिसेंबरात 62 कॉलेजं एकत्र बसली. 1906 पासून चेंडू पुढे फेकायची मुभा मिळाली, पाचऐवजी दहा यार्डांची अट आली. 1909 मध्ये मृत्यू पुन्हा वाढले, म्हणून 1910 मध्ये ढकलणं-ओढणंही बंद केलं.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की नियम त्यांनी एकदा करून सोडून दिले नाहीत, आणि जीव घेणारी गोष्ट नेमकी कोणती ते शोधून तिलाच हात घातला.

आपल्याकडे 2014 मध्ये उच्च न्यायालयाने 20 फुटांची मर्यादा घातली. 2017 मध्ये उंचीचा प्रश्न सरकारवर सोडला गेला, 14 वर्षांखालच्या मुलांना मनाई तेवढी राहिली. 2022 मध्ये साहसी खेळाचा दर्जा आला, मृत्यू झाल्यास कुटुंबाला 10 लाख जाहीर झाले. मदत मिळायलाच हवी, त्याबद्दल दुमत नाही. पण पोरगं पडल्यानंतरची तजवीज म्हणजे सुरक्षा नव्हे. बक्षीस थरांच्या संख्येवर आहे तोवर प्रत्येक पथक आणखी एक थर लावून पाहणारच. आपलं ‘पाच यार्ड’ हेच आहे.

स्पेनमधल्या कातालुनियातही माणसांचे मनोरे रचतात. तिथे मनोरा रचून सगळे सुखरूप खाली उतरले तर गुण जास्त, उतरताना कोसळला तर कमी. हा नियम उद्या दहीहंडीला लावायला ना कोर्ट लागतं ना अध्यादेश. आयोजक आणि पथकांच्या कप्तानांनी एकत्र बसून सलामीपासून सुखरूप उतरेपर्यंतचे गुण ठरवावेत, आणि सर्वात मोठी रक्कम न पडता खाली आलेल्या पथकाला द्यावी. यंदाच्या अष्टमीआधी एका तरी मोठ्या हंडीने हे जाहीर करावं.